सौर कामांचा कार्यादेश: कागदावर एक, जागेवर दुसरा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सौर कृषिपंप बसण्यास लागणारा उशीर, पैसे भरून महिनोन्महिने वाट पाहणारे शेतकरी, छतावर पॅनेल बसूनही नेटमीटर (घेतलेली आणि ग्रिडला दिलेली वीज मोजणारे मीटर) नसल्याने बंद असलेले संच यांविषयी आपल्या वृत्तपत्रात सातत्याने बातम्या आणि पत्रे येतात. चर्चा होते ती बहुधा अनुदान, मालाचा तुटवडा किंवा महावितरणचा कारभार या अंगांनी. ही कारणे खोटी नाहीत. परंतु सौर उभारणीची कामे घेणाऱ्या कंत्राटी कंपन्यांत, आधी साइटवर आणि पुढे कार्यालयात, कामांची आखणी करण्यात माझी बरीच वर्षे गेली असल्यामुळे या चर्चेत जवळजवळ कधीच न येणाऱ्या एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. ती गोष्ट म्हणजे कार्यादेश, ज्याला साइटवर सगळे वर्क ऑर्डर म्हणतात. माझ्या अनुभवात उशीर आणि निकृष्ट काम यांचा मोठा भाग काम जमत नाही म्हणून झालेला नसतो. कार्यालयातला आदेश एक सांगतो, जागेवर प्रत्यक्षात दुसरेच करावे लागते आणि हा बदल कोणीही लिहून ठेवत नाही, म्हणून तो झालेला असतो.

कामाचा आवाका आता किती बदलला आहे, हे प्रथम लक्षात घ्यावे लागेल. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ साली उभा राहिला, तेव्हा सगळे काम एका कुंपणाच्या आत होते. साहित्याचे गोदाम, अभियंत्यांचे कंटेनर, नकाशे आणि माणसे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर होती. आज तेवढीच क्षमता पाच अश्वशक्तीच्या सौर पंपांतून उभी करायची ठरवली, तर एका पंपाला ४,८०० वॅटची पॅनेल धरून ती सुमारे २६ हजार शेतांत विखुरली जाते. प्रत्येक शेताचा गट नंबर वेगळा, रस्ता वेगळा, माती वेगळी, पाण्याची पातळी वेगळी. त्यात २०२३ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्याची कामे सुरू झाली. १६ हजार मेगावॉटचे उद्दिष्ट समोर ठेवून उपकेंद्रांच्या आसपास काही एकरांचे लहान लहान प्रकल्प उभे राहू लागले. फेब्रुवारी २०२४ मध्ये देशातील एक कोटी घरांच्या छतांवरील सौर संचांसाठी पीएम सूर्यघर योजना आली आणि त्याच वर्षी राज्यात ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ सुरू झाली. कामे अशी हजारो ठिकाणी पसरली, पण ती सांभाळण्याची रीत मात्र बहुतेक ठिकाणी एका कुंपणाच्या आतल्या कामाचीच राहिली आहे. सुपरवायझरला हाक मारून सांगायचे, आता हाकेऐवजी फोनवर सांगायचे, एवढाच काय तो फरक.

कार्यादेश तीन पायऱ्यांनी खाली येतो. महावितरण किंवा ग्राहक एजन्सीला, म्हणजे सौर उभारणी करणाऱ्या कंपनीला, काम देतो, एजन्सी ते पेटी कंत्राटदाराला, म्हणजे आपल्या उपकंत्राटदाराला, देते आणि पेटी कंत्राटदाराचा मुकादम सकाळी आपल्या टोळीला. पहिला कागद छापील आणि सहीशिक्क्याचा असतो. दुसरा ईमेलवर किंवा एक्सेलच्या तक्त्यात असतो. तिसरा बहुतेक वेळा नसतोच. खड्डा खणणारा, बोअरमध्ये पंप सोडणारा आणि पॅनेलचे बोल्ट आवळणारा माणूस या तिसऱ्या, न लिहिलेल्या आदेशावर काम करतो.

पंपाचेच उदाहरण सविस्तर मांडतो. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत पंपाची अश्वशक्ती शेतकऱ्याच्या जमिनीवरून ठरते. अडीच एकरांपर्यंत तीन, पाच एकरांपर्यंत पाच आणि त्यापुढे साडेसात. शेतकऱ्याने भरायची रक्कमही त्यावरच अवलंबून असते. सर्वसाधारण गटाला दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना पाच टक्के. पैसा अश्वशक्तीशी बांधलेला असल्यामुळे कार्यालयातील प्रत्येकाची नजर त्या आकड्यावर असते. पण पंप पाणी देईल की नाही, हे केवळ अश्वशक्तीवर ठरत नाही. ते हेडवर, म्हणजे पाणी एकूण किती उंचीवर उचलायचे आहे यावर ठरते. पाच अश्वशक्तीचाच पंप ३० मीटर हेडचा असतो, ५० चा असतो, ७० चा असतो आणि १०० चाही असतो. विहिरीसाठी निवडलेला ३० मीटर हेडचा पंप दोनशे फुटांवर पाणी असलेल्या बोअरमध्ये सोडला, तर भर उन्हातही पाइपातून हवेखेरीज काही येत नाही. जत, माण, खटाव किंवा मराठवाड्यातल्या बोअरविषयी बोलत असाल, तर हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

सर्वेक्षण करणारा मुलगा डिसेंबर-जानेवारीत येतो, दोर सोडून पातळी मोजतो किंवा शेतकऱ्याला विचारून लिहितो. आदेश निघतो, माल मागवला जातो आणि टोळी शेतात पोहोचते ती एप्रिलमध्ये, जेव्हा पातळी कितीतरी खाली गेलेली असते. कधी शेतकऱ्याने दरम्यान दुसरे बोअर घेतलेले असते. कधी पहिली नोंदच चुकलेली असते. सुपरवायझर कार्यालयाला फोन करतो. त्या वेळी कार्यालयासमोर दोनच वाटा असतात. एकतर काम थांबवून योग्य हेडचा पंप पाठवायचा, म्हणजे टेम्पोचे भाडे, टोळीची रिकामी मजुरी आणि महिन्याच्या उद्दिष्टातून एक काम कमी. नाहीतर “आहे तो सोडून द्या, नंतर बघू” असे सांगायचे. हे ‘नंतर बघू’ फोनवर सांगितले जाते आणि तेथेच संपते. आदेशावर हेड ३० मीटरच राहते, फोटो काढले जातात, संकेतस्थळावर काम पूर्ण झाल्याची नोंद होते. पुढे शेतकऱ्याची तक्रार येते, तेव्हा पाच वर्षांच्या हमीखाली दुरुस्तीला येणारा माणूस तोच जुना कागद घेऊन येतो. कागदाप्रमाणे सर्व ठीक असल्यामुळे तो पंप चालवणारा कंट्रोलर बदलून निघून जातो. पाणी आलेले नसतेच.

या प्रकारात नियत वाईट असलेला माणूस शोधायला गेले, तर सहसा कोणी सापडत नाही. सुपरवायझरने कळवले होते, कार्यालयातील समन्वयकाकडे त्या दिवशी अशाच कितीतरी साइट होत्या आणि टोळीला सांगितले तसे तिने केले. आदेशात बदल करण्याचा अधिकार कोणाचा, तो कोठे लिहायचा आणि लिहिल्याशिवाय माल हलवता येणार नाही हे कोण सांगणार, एवढेच ठरलेले नव्हते.

यामागे पैशाचा जो धागा आहे, तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पेटी कंत्राटदाराला दर मिळतो तो नगावर: एका पंपाला इतके, एका पॅनेलला इतके. आराखड्यात पायाचा खड्डा चार फुटांचा दाखवलेला आहे आणि दोन फुटांवर खडक लागला, तर ब्रेकर आणावा लागतो. त्याचे भाडे आणि वाया जाणारा दिवस त्या नगाच्या दरात बसत नाहीत. मुकादम विचारतो, तेव्हा कार्यालयातून “करून घ्या, बिलात धरू” असे उत्तर येते. बिल तपासणाऱ्या लेखापालाकडे मात्र मूळ आदेशच असतो आणि त्यात ब्रेकर नसतो. ही वाढीव रक्कम एकदा कापली गेली, दुसऱ्यांदा कापली गेली, की तिसऱ्या साइटवर मुकादम कोणालाही फोन करत नाही. तो दोन फुटांवरच काँक्रीट ओततो. वरून माती सारली की दोन फूट आणि चार फूट सारखेच दिसतात. पुढे वळवाच्या वादळात पॅनेलसह सांगाडा उलथला, की बातमी होते ती निकृष्ट साहित्याची. साहित्य बऱ्याचदा चांगलेच असते. काळ्या मातीच्या भागात याच्या उलट घडते: पावसाळ्यात खड्ड्याच्या भिंती ढासळतात, काँक्रीट अंदाजापेक्षा जास्त लागते, ते जास्तीचे सिमेंट कोणी द्यायचे यावरून काम आठवडाभर अडते आणि कार्यालयाच्या तक्त्यात त्या साइटसमोर फक्त ‘पावसामुळे विलंब’ असे लिहिलेले असते.

म्हणून माझे म्हणणे असे, की कार्यादेशात बदलाची जागा आणि त्या बदलाचा दर या दोन्ही गोष्टी आधीच छापलेल्या असाव्यात. खडक लागल्यास प्रति फूट इतके, वाढीव काँक्रीटला इतके, टोळी साइटवर पोहोचूनही माल नसेल तर त्या दिवसाचे इतके. बदल मागण्याचा अधिकार साइटवरच्या माणसाला, मंजुरीचा अधिकार कार्यालयातील एकाच ठरलेल्या माणसाला, आणि मंजुरी येईपर्यंत काम थांबवण्याचा अधिकार पुन्हा साइटवरच्या माणसाला. यातला शेवटचा अधिकार कंपन्यांना जड जातो, याची मला कल्पना आहे. पण तो दिला नाही, तर पहिले दोन नुसते कागदावरच राहतात.

घरांच्या छतावरील कामांत अडचण वेगळ्या ठिकाणी येते. तीन किलोवॉटचा संच म्हणजे साधारण ५४० वॅटची सहा पॅनेल. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार, असे ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते. मात्र त्यासाठी सेल (पॅनेलमधील वीज तयार करणारे घटक) आणि पॅनेल दोन्ही भारतात बनलेली असावी लागतात. प्रत्येक पॅनेलला अनुक्रमांक असतो आणि काम पूर्ण झाल्याच्या अहवालात तो द्यावा लागतो. खर्च वाचवण्यासाठी एका टेम्पोत तीन-चार घरांचा माल भरला जातो. गोदामातला माणूस चलनावर घरानिहाय अनुक्रमांक लिहून देतो. उतरवणारे हमाल मात्र हाताला लागेल ती सहा पॅनेल पहिल्या घरी उतरवतात, कारण त्यांच्या दृष्टीने सगळी सारखीच असतात. कार्यालय चलनावरून अहवाल भरते. तपासणीत अनुक्रमांक जुळत नाहीत, अहवाल परत येतो आणि ग्राहकाला मात्र “पोर्टलचा प्रॉब्लेम आहे” असे सांगितले जाते. अनुक्रमांक पॅनेल बसवल्यानंतर, छतावर उभे राहून, ज्याने ती बसवली त्यानेच आदेशावर भरायचे, एवढा एक नियम पाळला तर हा गोंधळ संपतो. पॅनेल एकदा सांगाड्यावर चढली की पाठीमागची चिठ्ठी वाचायला पुन्हा आडवे व्हावे लागते, म्हणून बोल्ट आवळण्याआधी फोटो घ्यावा, हे कोणताही जाणता फिटर सांगेल.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून दहा किलोवॉटपर्यंतच्या छतावरील संचांना तांत्रिक व्यवहार्यता अभ्यासातून सूट दिली. काम पूर्ण झाल्यावर वीज कंपनीने संच सुरू करून देण्याची मुदतही ३० दिवसांवरून १५ दिवसांवर आणली. सुधारणा चांगली आहे. परंतु हे १५ दिवस काम पूर्ण झाल्याचे कळवल्यावर मोजायचे असतात, आणि ते कळवण्यासाठी लागणारा कागद जर साइट आणि कार्यालय यांच्यामध्ये तीन आठवडे फिरत असेल, तर त्या मुदतीचा ग्राहकाला काय उपयोग? पॅनेल बसली आहेत, ऊन पडते आहे आणि वीज बिल पूर्वीइतकेच येते आहे, अशा अवस्थेतला ग्राहक महावितरणला दोष देतो. त्यातला काही दोष महावितरणचा असेलही. माझ्या पाहण्यातील पुष्कळ प्रकरणांत मात्र अर्ज महावितरणपर्यंत पोहोचलेलाच नव्हता.

काम ‘पूर्ण’ कोण म्हणणार, हा प्रश्न यातूनच येतो. आज बहुतेक कंपन्यांत आदेश बंद करण्याची कळ कार्यालयातील संगणकावर असते आणि महिनाअखेर जवळ आली की ती जरा सैलपणे दाबली जाते. याबाबतीत आपल्या राज्यातील वीज कर्मचाऱ्यांची जुनी शिस्त उचलण्यासारखी आहे. वाहिनीवर काम करायचे असेल, तर लाइनमन उपकेंद्रातील ऑपरेटरकडून परमिट घेतो, आणि काम संपल्यावर ज्याने परमिट घेतले त्यानेच ते परत केल्याशिवाय वाहिनी चालू करता येत नाही. “झालेच असेल आता” म्हणून दुसऱ्या कोणी ते परत करायचे नसते, कारण त्या कागदावर एका माणसाचा जीव असतो. सौर कामाचा आदेशही ज्याच्या नावावर साइट आहे त्यानेच, जागेवर घेतलेल्या मोजण्या भरून आणि ग्राहकाची सही घेऊन बंद करावा. मोजण्या म्हणजे अर्थिंगचा रोध, वायरच्या इन्सुलेशनची मेगर चाचणी, प्रत्येक स्ट्रिंगचा (एकापुढे एक जोडलेल्या पॅनेलच्या साखळीचा) खुला व्होल्टेज, आणि पंप असेल तर पाण्याचा प्रत्यक्ष प्रवाह. या चार-पाच आकड्यांच्या चौकटी रिकाम्या असतील, तर तो आदेश उघडाच समजावा, मग महिनाअखेर असो वा मार्चअखेर.

जीवाचा उल्लेख मी विनाकारण केलेला नाही. वर्षानुवर्षे घरातली वायरिंग करणाऱ्या वायरमनला मेन स्विच पाडला की लाइन मेली, अशी सवय असते. सौर पॅनेल उन्हात असेपर्यंत बंद होत नाही. दहा पॅनेलची एक स्ट्रिंग पाचशे व्होल्टच्या आसपास डीसी देते आणि इन्व्हर्टर बंद असला तरी त्या दोन टोकांवर ती असतेच. त्यातच अर्ध्या झालेल्या कामावर दुसऱ्या दिवशी दुसरी टोळी पाठवली आणि आदल्या टोळीने कोणत्या स्ट्रिंग जोडून ठेवल्या आहेत हे कोठेच लिहिलेले नसले, तर नवा माणूस त्या वायरला मेलेली समजून हात घालतो. एका साइटवरून दुसऱ्या साइटवर टोळ्या हलवणे हे कार्यालयाच्या दृष्टीने आखणीचे काम असते. साइटवर मात्र तो सुरक्षिततेचा प्रश्न असतो. म्हणून टोळी बदलताना आदेशावर ‘कोठपर्यंत आले’ हे लिहून सही झाल्याशिवाय नव्या टोळीने हात लावू नये, असा दंडक असायला हवा. उंचीवरील कामाचा पट्टा, हेल्मेट, रबरी हातमोजे या वस्तूही साहित्याच्या यादीतच लिहिल्या जाव्यात. यादीत नसलेली वस्तू गोदामातून निघत नाही.

कृषी वाहिनी योजनेतील चार-पाच मेगावॉटच्या प्रकल्पांविषयी थोडक्यातच लिहितो, कारण तेथे निदान एक अभियंता साइटवर राहायला असतो. तेथील खरा त्रास नकाशाच्या आवृत्त्यांचा असतो. शेजारच्या शेतकऱ्याने वहिवाटीचा रस्ता दाखवला किंवा पावसात ओढ्याची खरी वाट कळली, की पॅनेलच्या दोन-तीन रांगा सरकवाव्या लागतात. कार्यालयातून सुधारित नकाशा ईमेलने निघतो. कंटेनरच्या भिंतीवर चिकटवलेला नकाशा मात्र पहिलाच राहतो आणि खांब ठोकणारी टोळी भिंतीवरचा नकाशा पाहून जाते. केबलची लांबी नव्या नकाशाप्रमाणे मागवलेली आणि चर मात्र जुन्याप्रमाणे खणलेला, अशी अवस्था झाली की शेवटच्या इन्व्हर्टरपाशी केबल तोकडी पडते. मग जमिनीखाली जोड दिला जातो आणि पुढील कित्येक वर्षे त्याच जोडापाशी बिघाड होत राहतो. कार्यादेशावर नकाशाचा आवृत्ती क्रमांक लिहिणे आणि नवा नकाशा लावताना जुना फाडून टाकणे, हे दोन उपाय इतके साधे आहेत की ते सुचवताना संकोच वाटतो. तरीही ते होत नाहीत.

यावर लगेच सुचवला जाणारा उपाय म्हणजे मोबाइल अ‍ॅप. अ‍ॅपला माझा विरोध नाही. अक्षांश-रेखांशासह फोटो, तारीख आणि वेळ आपोआप नोंदली जाणे ही मोठी सोय आहे आणि सरकारी योजनांत ती आता आवश्यकही असते. पण बाजारातील बहुतेक अ‍ॅप कार्यालयाला काय पाहायचे आहे हे डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली असतात. ती इंग्रजीत असतात. टोळीतील मुले बिहार, झारखंड, ओडिशातून आलेली, मुकादम मराठवाड्यातला, आणि वीस-पंचवीस फोटो चढवल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही. त्यात डोंगराआडच्या शेतात रेंज नसते. मग संध्याकाळी तालुक्याच्या गावी परतल्यावर चहाच्या टपरीवर बसून दिवसभराचे सगळे फोटो एकदम चढवले जातात आणि या शेताचा फोटो त्या शेताच्या नावावर जातो. जोडीला व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप असतातच. साहेबांनी टाकलेले अंगठ्याचे चित्र म्हणजे मंजुरी की नुसती पोच, यावर मी भल्याभल्यांचे वाद झालेले पाहिले आहेत. रेंज नसतानाही चालणारे आणि मराठी व हिंदीत असलेले अ‍ॅप मिळत असेल तर ते जरूर वापरावे. नसेल, तर कार्बन घातलेल्या तीन प्रतींचे पुस्तक आजही उत्तम काम देते: पांढरी प्रत कार्यालयाला, गुलाबी पेटी कंत्राटदाराला आणि पिवळी ग्राहकाला.

ही पिवळी प्रत मला सर्वांत जास्त महत्त्वाची वाटते. शेतकऱ्याला आज पैसे भरल्याची पावती मिळते, हमीपत्र मिळते, कधी कंपनीचे कॅलेंडरही मिळते. पण त्याच्या शेतात नेमके काय बसवले, पंप किती हेडचा, पॅनेलचे अनुक्रमांक कोणते, पाया किती खोल, अर्थिंगचे मोजमाप काय आणि मूळ आदेशात कोणता बदल कोणाच्या सहीने झाला, हे सांगणारा मराठीतला एक कागद त्याच्या हाती बहुधा नसतो. तो असेल, तर पाया दोन फुटांचा खणला जात असताना शेतकरी स्वतः काठीने मोजून विचारील. निरीक्षकापेक्षा त्याची नजर तीक्ष्ण असते, कारण शेत त्याचे असते.

महावितरण, महाऊर्जा (राज्याची अपारंपरिक ऊर्जा संस्था) आणि ऊर्जा विभाग यांच्याकडे म्हणून माझ्या काही ठोस मागण्या आहेत. योजनेतील प्रत्येक कामाला सर्वेक्षणापासून हमीची मुदत संपेपर्यंत एकच क्रमांक असावा आणि एजन्सी, पेटी कंत्राटदार, गोदाम व दुरुस्ती पथक या सर्वांनी तोच वापरणे ही योजनेच्या एजन्सींच्या निवडसूचीत राहण्याची अट करावी. आज अर्जाचा क्रमांक वेगळा, एजन्सीचा वेगळा आणि तक्रारीचा तिसराच असतो, त्यामुळे शेतकऱ्याला दर वेळी पहिल्यापासून सगळे सांगावे लागते. संकेतस्थळावर नुसते ‘प्रलंबित’ न दाखवता काम कोणाकडे आणि कशासाठी अडले आहे हे दाखवावे: जागेवर पाणीपातळी बदलली, खडक लागला, माल निघाला नाही, अहवाल परत आला. पंपांच्या कामांत पाणीपातळी कोणत्या महिन्यात मोजली हे आदेशावर लिहिणे सक्तीचे करावे आणि माल निघण्यापूर्वी ती पुन्हा मोजली जावी. तपासणीसाठी निवडलेल्या कामांत संच चालतो की नाही एवढेच न पाहता आदेश, बदल आणि प्रत्यक्ष काम या तिन्हींचा मेळ पाहावा, आणि एखाद्या एजन्सीच्या आदेशांत एकही बदल नोंदवलेला नसेल तर तेथे सर्वप्रथम जावे. शेकडो शेतांत काम करून एकाही ठिकाणी खडक लागला नाही, असे महाराष्ट्रात होत नाही.

सूर्यमित्रसारख्या सौर तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणांतून आणि आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या मुलांना पॅनेल जोडता येतात. आदेश वाचून त्यातील चूक ओळखणे आणि बदल चार ओळींत लिहून कळवणे याचा सरावही त्यांना द्यायला हवा. त्याचप्रमाणे कार्यालयात समन्वयक म्हणून घेतलेल्या पदवीधरांना पहिला महिनाभर साइटवर पाठवावे, असे मी प्रत्येक कंपनीला सुचवत आलो आहे. एप्रिलच्या दुपारी बोअरशेजारी दोन तास उभे राहिलेला समन्वयक फोनवर ‘नंतर बघू’ सहसा म्हणत नाही.

शेवटी एक निकडीची बाब. २०२४ मध्ये बसलेल्या पंपांची पाच वर्षांची हमी २०२९ मध्ये संपेल. तोपर्यंत काही पेटी कंत्राटदार हा धंदा सोडून गेलेले असतील आणि अनेक सुपरवायझरांनी नोकऱ्या बदललेल्या असतील. जमिनीखाली काय आहे याची जी माहिती आज त्यांच्या डायऱ्यांत आणि मोबाइलमध्ये आहे, ती त्यांच्याबरोबर निघून जाण्याआधी प्रत्येक एजन्सीकडून झालेल्या कामांचे प्रत्यक्ष तपशील, मूळ आदेशाची नक्कल म्हणून नव्हे तर जागेवर जाऊन पडताळून, महावितरणच्या संबंधित उपविभागीय कार्यालयात जमा करून घेण्यात यावेत आणि त्याची एक प्रत शेतकऱ्याला मिळावी, अशी माझी विनंती आहे. एजन्सींची अनामत रक्कम परत करण्यापूर्वीच हे करून घेणे सोयीचे होईल.

आपला विश्वासू,
सौर उभारणी क्षेत्रातील एक अभियंता
लातूर
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती)